गंज नवा जाहल्यास

दादा, परवा तुमचं नाव छापून आलं. पेपरात नाही, लग्नपत्रिकेतही नाही. जुन्या काळच्या विज्ञानाच्या इतिहासाचं एक जाडजूड त्रैमासिक निघतं, त्यातल्या एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचणारी सगळी माणसं देवगाव फाट्यावरच्या एका काळीपिवळी जीपमध्ये मावतील आणि वर टपावर जागा उरेल. तुम्ही असता तर कागद हातभर लांब धरून विचारलं असतं, "एवढं बारीक कशाला छापतेत गं?" ह्याचं उत्तर सगळी नोकरी संपत आली तरी मला सापडलेलं नाही. पण ते छापून आल्यापासून मी बिनघोर आहे. फोन वाजला की सरळ उचलते. कुणी माझी ओळख करून द्यायला उभं राहिलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरत नाही. अठ्ठावीस वर्षांनी एवढं हायसं वाटतंय की, खरं सांगते, थोडी लाजच वाटायलीय.

तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगते, कारण तुम्ही ती अर्धीच ऐकली होती. माझं नाव झालं ते एका ओळीवर. झरीच्या गावजोशींच्या घरातल्या मोडी बाडातली एक ओळ, त्या ओळीतला एक शब्द, आणि तो शब्द मी चुकीचा वाचला. त्यावर माझी पीएच.डी. झाली, नोकरी लागली, परदेशी जाऊन भाषण देऊन आले. आणि तो चुकलाय हे तुम्हाला जेवता जेवता कळलं होतं. कबूल करायचं तर सगळंच अंगावर येणार, आणि गप्प बसायचं तर रोज थोडं थोडं. मी गप्प बसले.

आधी वाटीचं सांगते. मी पाचवी-सहावीत असेन. बोरीच्या बाजारगल्लीतल्या आपल्या दुकानापुढं झरीचे गावजोशी सायकलवरून उतरतात. सगळे त्यांना महाराज म्हणायचे. त्यांची घटिकापात्राची जुनी वाटी झिजून कागदासारखी झालीय, नवी करून पाहिजे. पाण्यावर तरंगत ठेवायची तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक; त्यातून पाणी चढतं, वाटी बुडते, की झाली एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. घरोघर घड्याळं आली होती, पण महाराज लग्नाची वेळ वाटीवरच मोजायचे, सकाळी सूर्य उगवल्यापासून एकेक घटका धरत. तुम्ही तांब्याचा पत्रा घेतला, दोन दिवस हातोडीनं ठोकून मठारत बसलात, आणि वाटी झाल्यावर शेजारच्या कंपाउंडरकाकांचं घड्याळ मागून आणून माझ्या हातात दिलंत. मी पाण्यापुढं मांडी घालून बसले. पहिल्या खेपेला वाटी बुडेचना. मी म्हटलं, भोक मोठं पाडा की. तुम्ही म्हणालात, "आधी बारीकच पाडावं. बारीक भोक मोठं करता येतंय, मोठं बारीक करता येत न्हाई." मग सुईनं जरा कोरायचं, पुन्हा पाण्यात सोडायची, मी घड्याळ बघायची. अख्खा रविवार गेला त्यात. माझ्या मैत्रिणी चिंचेखाली खेळत होत्या आणि मी घड्याळाला चिकटलेली, तरी मला त्या दिवशी कुणी राज्य दिलं असतं तरी नको होतं.

आणि मग ते लग्न. माघ महिना, गोरज मुहूर्त. महाराजांची वाटी अशी सुटली की नवरदेव मारुतीच्या पारावर बसलाय आणि इकडं महाराज अंतरपाट धरा म्हणून ओरडताहेत. गावभर फजिती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तणतणत दुकानात आले, म्हणाले तुमची वाटी पळायलीय. तुम्ही भांडला नाहीत. मला सायकलवर डबलसीट घेऊन थेट झरीला गेलात, आणि कशात सोडली होती वाटी ते दाखवा म्हणालात. तर काय, थंडीचे दिवस, महाराजांच्या बाईंनी न्हाणीतला पाण्याचा गंज दिलेला, चुलीवरून उतरलेला, आणि दिवसभर पाणी कमी झालं की वरून पुन्हा कोमटच घालत होत्या. महाराजांचे हात गारठू नयेत म्हणून! तुम्ही बोट बुडवून बघितलंत आणि म्हणालात, "वाटी न्हाई पळत महाराज, पानी पळायलंय." गार पाणी भोकातून सावकाश चढतं, कोमट भरभर चढतं. सकाळपासून एकेका घटकेत दोन-तीन मिनिटं गेली तर संध्याकाळपर्यंत काय राहतं? महाराज तिथंच कपाळावर हात मारून बसले. परत येताना तुम्ही सायकलवर एकटेच हसत होतात, आणि तुमची पाठ हलायची म्हणून मलाही हसू यायचं.

हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं, तर मग मी विसरले काय? मी शब्द विसरले. विसरले म्हणजे टाकून दिला. पुण्याच्या वसतिगृहात आले त्या पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "गंजातलं पाणी उकळायलंय, कुणीतरी उतरवा." खोलीत एकदम हशा. गंज म्हणजे त्यांच्याकडं फक्त लोखंडावर चढतो तो. एकजण म्हणाली, तुमच्याकडं गंज उकळून पितात का गं, म्हणूनच रंग असा दिसतोय. मी पण हसले. हसण्यावारी न्यायचं असतं ना अशा वेळी. पण त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवर पहारा बसवला. गंज गेला, पातेलं आलं. लय गेलं, खूप आलं. करायलीस, जायलीस सगळं गेलं. वर्षभरात मी असं बोलायला लागले की एकदा तुम्ही दुकानावर भेटायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलंत, "पोरगी रेडिओवानी बोलती." तुम्ही ते कौतुकानं म्हणालात. मीही कौतुकच समजले. गाढव होते मी.

ते मोडी बाड मला तुम्हीच आणून दिलंत. मी संशोधनाला विषय शोधत होते, जुन्या काळी लोक वेळ कशी मोजत ह्याच्यावर काहीतरी करावं असं डोक्यात होतं, आणि सुट्टीत घरी येऊन त्याचीच भुणभुण लावली होती. तोवर महाराज गेले होते. तुम्ही कुणाला न सांगता झरीला गेलात, त्यांच्या मुलाशी बोललात, आणि लाल फडक्यात बांधलेलं ते बाड सायकलच्या कॅरियरला सुतळीनं आवळून आणलंत. वाळवीनं कडा खाल्लेल्या. मला म्हणालात, जपून वापर, वर्षात परत करतो म्हणून शब्द दिलाय. तांबटाच्या शब्दावर त्या घरानं पिढ्यांचं बाड सोडलं, ह्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं, एवढं तर बाप करतोच.

त्या बाडात वाटी कशी वापरावी ह्याची दोन पानं होती. त्यात ती ओळ: "गंज नवा जाहल्यास घटका पुन्हा पाहणे." पुण्यात टेबलावर ती ओळ उलगडली तेव्हा माझ्या डोक्यात गंज म्हणजे लोखंडावरचा गंज, दुसरं काही आलंच नाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ होते, दादा. मी पहिल्यावर थांबले. आणि ह्याच्यापुढं जे केलं ते फक्त मीच करू शकत होते. पुण्याचा कुणी पंडित असता तर त्यानं गंज म्हणजे तांब्यावरचा हिरवा थर असेल म्हणून पुढचं पान उलटलं असतं. बोरीची कुणी बाई असती तर ती म्हणाली असती, गंज म्हणजे गंज, भांडं नवं आणलं तर वाटी तपासून घ्या. पण मी तांबटाची लेक. तांबं कळकतं, लोखंड गंजतं, हे मला बाराखडीच्या आधी पाठ. तेव्हा वाटीवर गंज चढत असेल तर वाटी तांब्याची असूच शकत नाही! ती लोखंडी असली पाहिजे! सगळे ग्रंथ तांब्याची वाटी सांगतात आणि आमच्या परभणीकडं लोखंडाची वापरत होते, गंजानं भोक बारीक होतं म्हणून ती पुन्हा तपासत होते. तुमची विद्या तेवढी जवळ ठेवली आणि तुमची बोली फेकून दिली, त्यातून हा सिद्धांत जन्माला आला. माझ्या मार्गदर्शकांना तर लॉटरी लागल्यागत झालं. ते म्हणाले, हे आजवर कुणीच म्हटलं नाही. बरोबरच होतं ते, कुणी कशाला म्हणेल?

आता तो दिवस. प्रबंध बांधून आलाय, काळं पुठ्ठ्याचं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन देवगाव फाट्यावर उतरून, जिंतूरला गाडी बदलून बोरीत पोहोचलेय. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर जेवायला बसलाय, आई भाकरी टाकतेय. तुम्ही हात धुऊन, धोतराला पुसून प्रबंध मांडीवर घेता, उलटा धरता, सुलटा करता आणि म्हणता, ह्यात काय लिहिलंय ते सांग की. मी सांगते. महाराजांच्या बाडातली ती ओळ वाचून दाखवते, लोखंडी वाटीचं सांगते. तुम्ही घास हातात धरून ऐकता. मग म्हणता, "लोखंडाची वाटी कोन करील बाई? चार रोजात भोक बुजंल." मी म्हणते, म्हणून तर पुन्हा तपासायचे. तुम्ही थोडा विचार करता. मग डाव्या हाताची मूठ मागं नेऊन चुलीशेजारच्या भांड्यावर बोटांच्या पेरांनी ठोकता, टण्ण, आणि म्हणता, "गंज म्हंजे ह्यो न्हाई का?"

मला त्याच क्षणी कळलं. कानापर्यंत गरम झालं. डोळ्यांपुढं झरीची न्हाणी आली, कोमट पाण्यात बुडवलेलं तुमचं बोट आलं. सगळं. आणि प्रबंध तर सादर झालेला, परीक्षकांकडं गेलेला, नोकरीचा अर्ज त्याच्या जिवावर टाकलेला. मी म्हटलं, "दादा, शास्त्रातलं तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. ओतकाम करताना साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की तुम्ही बघायचात ना, तसं. आणि म्हणालात, "बरं." वरण मागून घेतलंत आणि जेवलात. आईला ह्यातलं काही कळलं नव्हतं, ती तव्याकडं तोंड करून मला म्हणाली, तेवढं गंजातलं पाणी काढून दे गं दादांना. मी उठून दिलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

पुढच्या पोळ्याच्या आधी तुम्ही गेलात. मी आले तेव्हा अंगणात निजवलेलं होतं. रडले, सगळे रडतात तशी, पण त्या रडण्यात एक कुचका सुटकेचा भाव होता, तोही आज लिहून टाकते: आता हे माहीत असलेलं दुसरं माणूस उरलं नाही. असलं मनात येतं माणसाच्या. मला त्यानंतर कितीतरी दिवस आरशात बघवायचं नाही.

नोकरी छान झाली माझी. तुम्हाला सांगायला आवडेल असं पुष्कळ घडलं. पितळी यंत्रं अभ्यासली, ताऱ्यांची उंची मोजायची, ताटाएवढी, त्यावर फारसी आणि संस्कृत अक्षरं कोरलेली. एकदा एका संग्राहकानं मोठ्या तोऱ्यात तीनशे वर्षांचं म्हणून एक यंत्र पुढं ठेवलं. सगळे पंडित अक्षरं तपासत बसले. मी ते उन्हात तिरपं धरलं आणि म्हटलं, ह्याला मठार कुठाय? हा पत्रा रोलरमधून निघालाय, हातोडा ह्याला लागलेलाच नाही. त्या माणसाचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. विद्यार्थी विचारायचे, मॅडम, हे कुठं शिकलात? मी म्हणायची, सवयीनं येतं. बोरीत, एका दुकानाच्या ओट्यावर, असं एकदाही म्हटलं नाही. आणि लोखंडी वाटीपासून मी चार हात लांब राहिले. पुन्हा त्यावर अक्षर लिहिलं नाही. पण मी सोडलं म्हणून ती मला सोडते होय? जो तो माझी ओळख तिच्यावरूनच करून देई. एका संग्रहालयानं तर माझ्या प्रबंधावरून तशी वाटी करून काचेच्या कपाटात ठेवली. उद्घाटनाला मलाच बोलावलं. मी फीत कापली.

आता ज्या मुलीमुळं माझं तोंड उघडलं तिचं सांगते. माझ्याकडं शेवटची म्हणून जी विद्यार्थिनी आली ती आपल्याच जिल्ह्यातली, सेलूकडची. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहून शिकलेली. कष्टाळू, अबोल, आणि बोलते तर माझ्यासारखीच रेडिओवानी. तिनं विषय घेतला माझ्या लोखंडी वाटीचा. ती नुसतं वाचणार नव्हती, वाटी करवून घेऊन घटका मोजून दाखवणार होती. मी तिला दुसरा विषय सुचवून बघितला, दोनदा. ती म्हणाली, तुमचंच काम पुढं न्यायचंय. दोन वर्षं ती वाट्या करवून घेत राहिली. पाच वाट्या झाल्या. दरेक वाटीचं भोक आठवड्यात गंजून बुजायचं, नाहीतर कडा खाऊन मोठं व्हायचं. घटका कधी पंधरा मिनिटांची, कधी चाळीस. गेल्या हिवाळ्यात ती माझ्या खोलीत आली, पाचही वाट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय. मी सोडून देते. घरी पण म्हणायलेत की बस झालं." आणि 'म्हणायलेत' तोंडातून निसटलं म्हणून तिनं ओठ चावला. माझी चूक ती पोर आपल्या डोक्यावर घेऊन घरी निघाली होती.

मी विचारलं, तुमच्याकडं भात कशात शिजवता? ती गोंधळली. म्हणाली, पातेल्यात. मी म्हटलं, वसतिगृहातलं नको सांगू, आजी काय म्हणते? तिनं दाराकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाली, "गंजात." तिच्या वहीत ती ओळ वरच लिहिलेली होती, ती वही मी तिच्यापुढं सरकवली. तिनं वाचली. पुन्हा वाचली. मग तिचा हात तोंडावर गेला आणि डोळे असे मोठे झाले. म्हणाली, "आगं बाई." आणि लगेच, "म्हंजे माझ्या वाट्या बरोबर व्हत्या?" मी म्हटलं, तुझ्या वाट्या बरोबर होत्या, तू बरोबर होतीस, लोखंडाचं तसंच होतं. ती रडायला लागली, आणि मध्येच हसायला लागली, आणि मग मीही. शिपाई चहा घेऊन आला तो दारातूनच परत गेला.

तिनं विचारलं, मॅडम, तुमच्या हे कधी लक्षात आलं? मी म्हटलं, आत्ताच, तुझ्या वाट्या बघून. बघा, एवढं होऊनही जीभ वळलीच. दुरुस्तीचा लेख लिहायला बसले तेव्हा पहिल्या मसुद्यातही तेच: अलीकडच्या फेरतपासणीत असे आढळून आले. किती गुळगुळीत वाक्य आहे! आढळून आले. कुणाला? कधी? शिवाय सगळं श्रेय त्या मुलीला द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे मोठेपणाही पदरात आणि मला कधी कळलं ते सालही झाकलेलं. तो मसुदा तीन दिवस टेबलावर पडून होता आणि मी त्याच्याभोवती मांजरासारखी फिरत होते. चौथ्या दिवशी ते वाक्य खोडलं. लिहिलं की गंज म्हणजे भांडं. ही ओळ सांगते की पाणी ठेवायचं भांडं बदललं तर घटका पुन्हा तपासावी, कारण भांड्यागणिक पाणी कमी-जास्त गार राहतं आणि त्यावर वाटीचा वेग ठरतो, आणि हे वाटी वापरणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि खाली तळटीप घातली: तुमचं नाव, तांबट, बोरी, जिल्हा परभणी, ह्यांनी प्रत्यक्ष सांगितल्यावरून. पुढं साल. ज्या वर्षी तुम्ही भांड्यावर ठोकलंत ते साल.

मुलीला मसुदा वाचायला दिला. तळटिपेपाशी तिचं बोट थांबलं. तिला आपलं आडनाव दिसलं, साल दिसलं. तिनं मनातल्या मनात वजाबाकी केलेली मला कळली. मी म्हटलं, त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोलले. दोन वर्षं होती तिची, तिला राग येणं रास्त होतं, आणि आलाही. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस आपणहून आली आणि म्हणाली, तांब्याची वाटी करवून घ्यायचीय, पत्रा किती जाडीचा घेऊ? आता ती गार, कोमट, मातीचं भांडं, तांब्याचं भांडं असं सगळं मोजत बसलेली असते. माझ्या सिद्धांतापेक्षा तिचं निघालेलं किती चांगलं आहे, काय सांगू.

मग परिषदेत उभी राहून बोलले. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. दोघं-तिघं हळहळले, एक जुने गृहस्थ चिडले कारण त्यांच्या पुस्तकात माझी वाटी होती, आणि एका तरुण मुलानं विचारलं की भांडं मातीचं असेल तर काय. तो प्रश्न इतका चांगला होता की उरलेला वेळ त्यावरच गेला. संग्रहालयानं वाटीखालची पाटी बदलली. झालं! ह्यासाठी मी अठ्ठावीस वर्षं जीव मुठीत धरून बसले होते. त्या दिवशी परिषदेतून बाहेर पडून कॅन्टीनमध्ये दोन वडे खाल्ले, आणि शेजारच्याला मोठ्यानं म्हटलं, लय भारी झालेत.

छापायच्या आदल्या दिवशी संपादकांचा फोन आला. सज्जन माणूस. म्हणाले, मॅडम, एक शंका होती, तळटिपेतलं साल चुकलंय वाटतं, हे तर तुमच्या प्रबंधाच्या वेळचं पडतंय. ह्या वर्षीचं टाकू का? त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "साल बरोबर आहे." ते म्हणाले, बरं. अगदी तुमच्यासारखंच म्हणाले, आणि मला फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहावं लागलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. बोरीतल्या घरात आता दुसरे लोक राहतात, आणि पोस्टमनला तरी का कोड्यात टाकायचं? अंकाच्या त्याच पानात घडी करून ठेवीन. आता मला कुणी धाडसी म्हणायला लागलंय, आणि ते ऐकून घेते, म्हणून तुम्हाला तरी खरं सांगते. हे सगळं मला जमलं कारण तुम्ही नाही. तुम्ही असता तर ह्या सुट्टीत मी आले असते, दोन दिवस राहिले असते, तुमच्या शेजारी बसून पोटभर जेवले असते, आणि काही न बोलता परत गेले असते.